आप्पा घरात होते

रत्नागिरी
१४ नोव्हेंबर १९९९

ति. दादा,

काल तू फोन आपटलास तो मस्कतहून थेट माझ्या कानात. फोनवर सगळा वेळ तू एकटाच बोललास, म्हणून पत्रात मी एकटी बोलणार. पत्र आपटता येत नाही. फाडता येतं, पण तू आधी वाचशील आणि मग फाडशील, एवढं मी तुला ओळखते.

तुझं म्हणणं मी नीट ऐकलं. पुण्याला शिकायला पाठवली ती डोकं फिरवून घेऊन आली. गावातली गाडलेली मढी उकरायची हिला काय पडलीय. म्हातारपणी आप्पांच्या तोंडाला काळं फासायला निघालीय. आणि हे सगळं थांबवलं नाही तर तुझ्यापुरती बहीण मेली. बरं. मेलेल्या बहिणीचं पत्र म्हणून वाच.

तू विचारलंस, "हा तुमचा संक्रमणकालीन न्याय की काय तो, तो आपल्या गावात कशाला? आपल्याकडे कुठलं राज्य उलथलं?" माझ्या मार्गदर्शक बाईंनीही हेच विचारलं होतं, फक्त आवाज न चढवता. त्यांना दिलं तेच उत्तर तुला देते. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांचं राज्य गेल्यावर छळणारे आणि छळ सोसलेले एका दालनात बसले आणि जे झालं ते मोठ्यानं बोलले, कारण दुसऱ्या दिवशी त्यांना एकाच देशात राहायचं होतं. आपल्याकडे तर एकाच पाखाडीवरून ये-जा करायची असते. राज्य उलथलं नाही हे खरं. म्हणून तर कुणाला बोलायची वेळच आली नाही.

तर मी गंगारामवर लिहिणार आहे. हो, तोच, खालच्या वाडीच्या टोकाला एकटा राहतो तो. लहानपणी शिमग्यात मी पालखीच्या मागे पळायचे तेव्हा बघायचे, पालखी सगळ्या घरी जाते, खालच्या वाडीतही जाते, पण रायवळ आंब्यापाशी आली की भोई थबकतात, पालखी पुढेमागे झुलते आणि वळते. गंगारामचं घर तिथून हाकेवर. आईला विचारलं तर म्हणायची, "पालखी तिथं जड व्हते गो. देवाच्या मनात नाय."

या दिवाळीत मी घरोघर जाऊन विचारलं. आज पालखीला खांदा देणाऱ्या पोरांना कारण माहीतच नाही, फक्त वळण माहीत आहे. म्हाताऱ्यांना कारण माहीत आहे, पण ते म्हणतात, "आता तसला काय ऱ्हायला नाय." माणसं मिळून एखादी गोष्ट कशी विसरतात आणि तरी कशी पाळतात, हा माझा विषय आहे दादा. तो मी जगभर शोधला आणि आपल्या आंब्याखाली सापडला. आता तो सोडून मी काय करू, ज्वालामुखीवर प्रबंध लिहू?

१९७३ साली गावकीनं गंगारामला वाळीत टाकलं, एवढं तरी तू नाकारणार नाहीस. मी पाळण्यात होते. तू सात वर्षांचा होतास. तुला काय आठवतं ते कळव. बहीण म्हणून नको असेल तर संशोधक म्हणून विचारते.

आई बरी आहे. तुझ्या नव्या घराचं प्लास्टर सुरू झालंय. आप्पा रोज जाऊन पाणी मारतात.

मनू


रत्नागिरी
६ फेब्रुवारी २०००

ति. दादा,

पत्राचं उत्तर नाही. आईला मात्र फोनवर सांगितलंस की "तिला म्हणावं मला काही आठवत नाही." सात वर्षांचा असताना शाळेत कुणी कुठली कविता म्हटली तेसुद्धा तुला आठवतं, दिवाळीला आलास की म्हणून दाखवतोस. असो.

मी गंगारामकडे जाऊन आले. पहिल्या खेपेला त्यानं मला अंगणातच उभं केलं. "मास्तरांची ना गो तू? मास्तरांनी धाडलान?" म्हटलं, नाही, मास्तरांना आवडलेलं नाही. तेव्हा कुठे बसायला पाट दिला. तुला म्हणून सांगते, आप्पांचा विरोध ही माझ्या कामातली सगळ्यात मोठी ओळख ठरली आहे.

कोर्टाचं प्रकरण तुला ठाऊक असेल, तरी लिहिते, म्हणजे मला माहीत नाही असं तुला वाटायला नको. मोहल्ल्यातल्या लोकांची कबरस्तानाला जाणारी वाट खाडीच्या कडेनं होती. गावकीनं म्हटलं, ती जागा देवस्थानची. दावा रत्नागिरीच्या कोर्टात आला. गावकीनं साक्षीला गंगारामला नेलं, कारण त्याचं शेत त्या वाटेला लागून. त्यानं एवढंच सांगायचं होतं की इथे वाट कधी नव्हतीच. आणि हा पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, वाट पहिल्यापासून त्यांचीच. दावा गेला. परत आले त्याच आठवड्यात पालखी बसते त्या सहाणेच्या चौथऱ्यावर गावकी बसली आणि याला वाळीत टाकला.

मी विचारलं, "ऐन वेळी साक्ष का फिरवलीत?"

"फिरवली नाय. मला कोनी इचारलाच नव्हता काय सांगनार ते. कोर्टात पयल्यांदा इचारलान."

पुढचं त्यानं असं सांगितलं, जसं कुणी पीकपाणी सांगावं. न्हावी येईना. गिरणीत दळण घेईनात. विहिरीवर बायको गेली की बाकीच्या बायका कळशा उचलून बाजूला. आणि लावणीला कुणी येईना. आपल्याकडे लावणी एकट्याच्यानं होत नाही, आज माझ्याकडे उद्या तुझ्याकडे असं करूनच होते, हे मस्कतला राहून तू विसरला नसशील. ती दोघंच पावसात भातरोपांचा आवा उपटत होती. हौसा तिचं नाव. त्याच्यापेक्षा चार बोटं उंच होती, म्हणून लोक त्याला चिडवायचे, हे सांगताना तो चक्क लाजला. बांधावर तिला फुरसं डसलं.

फुरशाचं विष हळू चढतं दादा. माणूस दोन-दोन दिवस काढतो. म्हणजे वेळ होता. तेव्हा गावाला गाडीरस्ता नव्हता, मंडणगडच्या दवाखान्यात न्यायचं तर डोली करून घाटी चढायची. डोलीला चार माणसं लागतात आणि बदलीला आणखी चार. गंगाराम गावात दारोदार खांदा मागत फिरला. एक माणूस निघालं नाही. शेवटी मोहल्ल्यातला कमाल आला. तेव्हा एकोणीस वर्षांचा पोरगा. त्याचे थोरले भाऊ जहाजावर, घरात दुसरा पुरुष नाही. दोघांनी बांबूला घोंगडी बांधली आणि हौसाला घेऊन घाटी चढायला लागले.

कमालला मी परवा भेटले. आता जहाजावरून निवृत्त होऊन पडवीत बसलेला असतो. तो म्हणाला, "पाय ठरत नव्हता. दहा पावलं जायचो, खाली ठेवायचो. ती म्हनायची, मला चालू द्या. घाटीच्या वरच्या अंगाला पोचलो तेव्हा तिनं बोलायचं थांबवलं." एवढं बोलून तो उठून आत गेला तो परत बाहेर आला नाही. त्याच्या सुनेनं मला चहा दिला आणि मी तो कसाबसा प्यायले.

गंगारामला मी विचारलं, "गावात कुणाकुणाच्या दारात गेला होतात?" त्यानं घरं सांगितली. सांगता सांगता थांबला. म्हणाला, "आनी एक घर हाय. त्या घराचा तुज्या भावाला इचार."

म्हणून तुला विचारते.

मनू


रत्नागिरी
२५ जून २०००

ति. दादा,

उत्तर नाहीच. हरकत नाही, मी कंटाळणारी नाही.

या खेपेला माझीच खोड मोडली गेली, ती ऐकून तुला आनंद होईल. माझं प्रकरण लिहून झालं. आमच्या शास्त्रात नियम आहे, ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांची नावं बदलायची, म्हणजे त्यांना त्रास होत नाही. बाईंनी सांगितलं, मी बदलली. गाव बदललं, कमाल बदलला आणि गंगारामचा केला सखाराम. मग वाटलं, ज्याची गोष्ट त्याला वाचून दाखवावी. मोठ्या हौसेनं गेले. तो बिचारा भात पेरून दमून बसलेला. मी वाचत होते आणि तो मान हलवत होता. हौसाच्या जागी मी "सखारामची पत्नी" लिहिलं होतं.

तो मध्येच म्हणाला, "ह्यो सखाराम कोन?"

मी समजावलं. नियम, गोपनीयता, त्याचं संरक्षण वगैरे. तो ऐकून घेतल्यासारखं करून उठला, माझी चप्पल पायरीवरून उचलून अंगणात ठेवली आणि म्हणाला, "जा."

"काय झालं गंगारामकाका?"

"गावान माजा नाव तोंडात घेयाचा सोडलान. 'त्यो' म्हनायचे. 'त्यो खालचा'. तिला तर 'ती' पन म्हनीत नव्हते. मेली तेवा गावात कोन मेला ता कोनी बोललान नाय. मला वाटला शिकल्याली पोर हाय, नाव तरी लिवल. तू पन गावाचीच निघालीस."

दादा, मी पाखाडी चढून रस्त्याला आले तेव्हा रडत होते, आणि रागही येत होता, कारण तो म्हणत होता ते बरोबर होतं आणि ते मला पुण्यातल्या कुठल्या पुस्तकात कधी दिसलं नव्हतं. वाळीत टाकणं म्हणजे नाव टाकणं. ते गावकीनं केलं दंड म्हणून आणि मी करत होते शिस्त म्हणून.

बाईंशी माझं भांडण झालं. त्या म्हणाल्या, "तुझा प्रबंध अडकेल." म्हटलं, अडकू दे. शेवटी असं ठरलं की जो संमती देईल त्याचं नाव खरं राहील, जो देणार नाही त्याचं नाव येणार नाही. मी परत गेले, नवीन पानं घेऊन. "गंगाराम" वाचल्यावर तो जरा पुढे सरकून बसला. "हौसा" वाचल्यावर म्हणाला, "परत वाच." मी परत वाचलं.

पण एकदा नावं खरी म्हटली की सगळीच खरी, नाही का? सहाणेवर त्या दिवशी निकाल कुणी सुचवला, शब्द कुणाचे, हेही आलं. गावकीत तेव्हा नीट बोलता येणारा माणूस एकच होता. ते आपले वडील. मी लपवणार नाही. त्यांना सरळ विचारणार आहे.

तू म्हणशील, तुला बापाची चाड नाही. चाड आहे म्हणूनच त्यांच्या तोंडून ऐकायचंय. दुसऱ्याकडून ऐकून लिहायला मला लाज वाटेल.

मनू


मु. घरी
९ सप्टेंबर २०००

ति. दादा,

हे पत्र तुझ्या जुन्या खोलीत बसून लिहितेय. गौरी-गणपती झाले. तू आला नाहीस, आईनं तुझ्या वाटणीचे मोदक फ्रीजमध्ये ठेवले आणि मग स्वतःच शेजारी वाटले.

गावाला माझ्या कामाचा वास लागलाय. धोंडूकाका, म्हणजे गावकीचे पुढारी, आपले गावकर, आरतीला आले ते आरतीनंतर उठेचनात. पान खाऊन आप्पांना म्हणाले, "मास्तर, पोरीचा काय ता ऐकलाव. गाव मोठ्या मनाचा हाय. त्या गंगारामान शिमग्याला सहानेवर येवचा, नारळ ठेवचा, चुकलो म्हनचा. पालखी त्याच्या दारात नाचवत न्हेताव. इषय संपला."

मी म्हटलं, "काका, चुकलो कुणी म्हणायचं?"

"जो वाळीत त्यान. ह्याच रीत हाय."

"म्हणजे बायको त्याची मेली आणि नारळही त्यानंच ठेवायचा?"

"तू बायमानूस, मधी बोलू नको," म्हणाले आणि मग आप्पांकडे वळून हळूच, "देवदत्ताच्या नव्या घरात औंदा पालखी बसवायची ना? मग घरातली तोंडा घरात ठेवा."

तेव्हा कळलं मला की तू एवढा का तापलायस. पालखी नव्या घरात बसवायचा मान तू मागून घेतलायस, शिमग्याची रजाही मांडलीयस. तुझा आनंद मला कळतो. पण त्यासाठी एका माणसानं चुकलो म्हणायचं, हे मला गिळता येत नाही, आणि मी गिळणार नाही.

निरोप मात्र मी गंगारामला सांगितला, माझं काम आहे ते. तो विळ्याला धार लावत होता. म्हणाला, "पालखी मला नकोच हाय. देव काय करायचा दारात आनून? माजा नारळ मी माज्या घरात फोडतो." मग धार तपासत म्हणाला, "तुज्या भावान काय सांगितलान?"

"तो काही आठवत नाही म्हणतो."

"आठवत असल त्याला. गोरा गोमटा पोर. हातात भाकरी व्हती." आणि मग त्यानं सांगितलं.

दादा, आता मला माहीत आहे. त्या दिवशी सगळ्यात शेवटी तो आपल्या दारात आला. मास्तर निघाले की बाकीचे निघतील, म्हणून. त्यानं हाक मारली. बाहेर आलास तू. म्हणालास, "आप्पा घरात नाहीत." आणि आप्पांच्या वहाणा पायरीवर होत्या. त्यानं त्या पाहिल्या, तूही त्याला पाहताना पाहिलंस, आणि तू खाली बघत पुन्हा म्हणालास, "आप्पा घरात नाहीत." तो गेला.

मी घरी आले आणि आप्पांसमोर उभी राहिले. ते सुपारी कातरत होते. मी विचारलं. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. म्हणाले, "तुला काय पाहिजे मनू? मी मेल्यावर लिही."

"मेल्यावर तुमच्याबद्दल कुणीही काहीही लिहील. तुम्ही आत्ता बोला."

"गावात राहायचं असतं. तू पुण्याला जाशील, रत्नागिरीला जाशील. मला इथे राहायचंय."

"त्यालाही राहायचं होतं."

आप्पा माझ्यावर हात उगारतील असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. उगारला नाही. उठून परसात गेले आणि काळोख होईपर्यंत आले नाहीत. आई म्हणाली, "बोललीस ता बरा केलंस," आणि लगेच, "पन एवडा तोडून बोलू नको." दोन्ही तिच्या मनातलं.

तुझ्यावर मी रागावलेली नाही. सात वर्षांच्या पोराला काय विचारायचं. पण तू इतकी वर्षं ते एकट्यानं उराशी धरलंस आणि माझ्यावर फोन आपटलास, याचा राग आहे. मला सांगितलं असतंस तर मी तुझ्या बाजूनंच भांडले असते.

मनू


मु. घरी
१३ मार्च २००१

ति. दादा,

तू रजा रद्द केलीस. आलास असतास तर हे पत्र लिहावं लागलं नसतं, कारण तू सहाणेवर उभा असतास आणि मला तुझं तोंड बघायला मिळालं असतं.

परवा सकाळी देवळातून पालखी निघाली आणि सहाणेवर आली. अख्खं गाव जमलं होतं, मुंबईकर चाकरमानी धरून. बायका आम्ही वडाच्या बाजूला. आप्पा मानकऱ्यांत, धुतलेलं धोतर, टोपी. मी त्यांच्याशी गणपतीपासून कामापुरतंच बोलत होते आणि तेही माझ्याशी. गंगाराम नव्हता, तो येत नाहीच. कमाल मात्र खाली रस्त्यावर उभा होता, मोहल्ल्यातली माणसं दरवर्षी ढोल ऐकायला थांबतात तिथे.

धोंडूकाकांनी गाऱ्हाणं घातलं. तुला ते पाठ आहे. पिकापाण्याला बरकत दे, व्हय म्हाराजा. परमुलखात गेलेल्या लेकरांना सांभाळ, व्हय म्हाराजा. तिथे आई तुझ्यासाठी सगळ्यांत मोठ्यानं ओरडली. मग ते नेहमीचं आलं: "ह्या गावान कोनाचा वाकडा केला नाय, तू गावाचा वाकडा करू नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीसुद्धा सवयीनं तोंड उघडलं होतं.

आणि त्या गजरानंतर एक आवाज आला, "नाय म्हाराजा."

पहिल्यांदा वाटलं, कुणी दारू पिऊन बरळला. धोंडूकाकांनी तेच वाक्य परत म्हटलं, जरा जोरात. आणि आप्पा पुढे आले, टोपी काढून हातात घेतली, वर्गात हजेरी घ्यायचे त्या आवाजात म्हणाले, "नाय म्हाराजा. गावानं वाकडं केलंय."

ढोलवाल्यानं टिपरू खाली केलं.

"गंगारामला आपण वाळीत टाकलं, तो कोर्टात खरं बोलला म्हणून. निकालाचे शब्द माझे होते. त्याच्या हौसाला फुरसं डसलं. डोलीला खांदा मागायला तो माझ्या दारात आला, तेव्हा मी घरात होतो. मी माझ्या पोराला पुढे केला आणि खोटं बोलायला लावलं. पोराचा काही दोष नाही. मी घरात होतो, म्हाराजा."

धोंडूकाका म्हणाले, "मास्तर, सनाचा दिवस हाय. भान ठेवा."

आप्पा म्हणाले, "तेच ठेवतोय." आणि टोपी घालून परत आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले. पळाले नाहीत, दादा. मला वाटलं होतं ते घरी जातील. उभे राहिले.

मी सगळ्यांसमोर रडले. रडता रडता मला इतका अभिमान वाटत होता, की कुणी त्या क्षणी आप्पांना एक शब्द बोललं असतं तर मी त्याला चावले असते. कुणी बोललं नाही. पण वडाखालच्या बायकांत एका म्हातारीनं पदरात तोंड घातलं आणि "हौसा गो, हौसा" करायला लागली. तिच्या मागून दुसरी. इतक्या वर्षांत या गावात ते नाव गंगारामच्या घराबाहेर मी त्या सकाळी पहिल्यांदा ऐकलं.

मग ढोल वाजला आणि पालखी उठली. आंब्यापाशी वळली, नेहमीसारखी. आणि आपल्या पाखाडीवर आली ती तुझ्या नव्या घरासमोरून तशीच पुढे गेली. आईनं रांगोळी काढली होती, ताट तयार होतं. एकही भोई थबकला नाही. आई ताट घेऊन उभीच. मग म्हणाली, "नाय तर नाय," आणि ताट आत नेऊन देव्हाऱ्यापुढे ओवाळलं. आता सांग मला, पालखी त्या दिवशी कुणासाठी जड झाली होती, देवासाठी की धोंडूकाकांसाठी?

काल दूधवाला आला नाही. समोरच्या आनंदीबाई आईला बघून दार लोटून घेतात. आप्पा म्हणाले, "सुरू झालं," आणि स्वतः जाऊन विहिरीवरून पाणी आणलं. त्यांची पाठ मोडली असेल, पण मला कळशीला हात लावू दिला नाही.

दुपारी गंगाराम आला. अंगणात उभा राहिला. आप्पा ओटीवरून खाली उतरले.

"मास्तर, लय उशीर केलात."

"केला."

"माफी मागाल तर मी देनार नाय. आदीच सांगतो."

"मागत नाही."

"मंग ठीक हाय." तो जायला वळला. मग थांबून म्हणाला, "उद्या पानी मी आनून देईन. तुमच्यासाटी नाय. वयनींसाटी." आणि गेला. आप्पा बराच वेळ तिथेच उन्हात उभे होते. मी त्यांना आत बोलावलं नाही.

आता तुझं. धोंडूकाका तुला फोन करणार आहेत. आज करतील, नाहीतर उद्या. गावकीचं ठरलंय, मास्तर आणि त्यांची पोर वेगळी, देवदत्त वेगळा. तू फोनवर एवढंच म्हणायचंस, की तुझा आमच्याशी काही संबंध नाही. मग तुझं घर गावात, तुझा मान गावात, पालखी पुढच्या वर्षी तुझ्या दारात. आमच्या दारात दूधसुद्धा नाही.

सात वर्षांचा असताना तू जे बोललास त्याचा जाब आता तुला कुणी विचारणार नाही. आप्पांनी तो सगळ्या गावासमोर आपल्या अंगावर घेतला. तुला त्यांनी मोकळं केलंय आणि त्याची किंमत ते विहिरीवर जाऊन चुकती करतायत. पण तू आता पस्तिशीचा आहेस. फोन वाजेल तेव्हा मागे बसून काय बोलायचं ते सांगणारं कुणी नसेल.

मी प्रबंध मे महिन्यात देते. बाई अजून कुरकुरतायत, करू देत. गंगारामनं नावासकट संमती दिली, कमालनं दिली, काल रात्री जेवताना आप्पांनी दिली. धोंडूकाकांनी दिली नाही, म्हणून ते नुसते "गावकर" म्हणून येतील. राहिलास तू. तुला जे आठवतं ते सांगितलंस तर जसंच्या तसं लिहीन, एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही. नाही सांगितलंस तर माझ्या मनानं तुझ्या तोंडी काही घालणार नाही. पण ते पान मी गाळणारही नाही. कोरं ठेवीन, आणि वरती एवढंच लिहीन, की इथे लेखिकेनं आपल्या सख्ख्या भावाला विचारलं होतं.

मनस्विनी